विसरणारा डबा

“ह्यातला विसरतो कुठला?” मी विचारलं.

दुकानदाराने काचेवर मांडलेल्या तीन डब्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्याशेजारी उभ्या असलेल्या उर्मिलाकडे. नगरला कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं कॅमेऱ्यांचं दुकान होतं. गुगळेशेठ म्हणायचे त्याला. आम्ही त्याची भवानीची गिऱ्हाइकं होतो, आणि भवानीच्या गिऱ्हाइकाला कुणी रिकामं पाठवत नाही, म्हणून तो अडकला होता.

“मावशी, विसरत एकही नाही,” तो म्हणाला. “माणूस विसरतो. हे मशीन आहे. आज फोटो टाका, वीस वर्षांनी उघडा. जसाच्या तसा.”

“वीस वर्षं ठेवून काय करायचंय? लोणचंसुद्धा दुसऱ्या वर्षी काढून टाकतात.”

“मावशी, त्यांना आधी बोलू तरी द्या,” उर्मिला म्हणाली.

मी बांगड्यांची पेटी पायाशी ठेवली आणि स्टुलावर टेकले.

मी कासारीण. जामखेड, खर्डा, पाटोदा, परांडा ही माझी गावं. पेटी घेऊन घरोघर जायचं आणि बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या. ज्या मुलीचा हात तुम्ही हातात घेता, तिच्या घरचं तुम्हाला न विचारता कळतं. मुलगी कामाची आहे का, घरात बापाचं चालतं की आईचं, पोरीच्या मनात लग्न आहे की नाही. त्यामुळे आमच्या समाजातल्या सोयरिकी जमवायचं काम कुणी न सांगता माझ्याकडे आलं. आमची घरं थोडी आणि लांब लांब पसरलेली. एका गावात एक, दुसऱ्या गावात दोन. कुणीतरी हिंडणारं लागायचंच.

त्यासाठी माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात मुलामुलींचे फोटो. फोटोच्या पाठीवर नाव, गाव, शिक्षण लिहिलेलं. पन्नाशीला येईपर्यंत मला ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. मग त्याच पाठींवरून मी अक्षरं शिकले. मी वाचलेलं पहिलं अक्षर म्हणजे ‘कु.’ बराच काळ मला वाटत होतं की मराठीत काहीही लिहायचं झालं तर सुरुवात ‘कु.’ने करतात.

फोटोची रीत साधी होती. मुलीचा फोटो मुलाकडे द्यायचा, मुलाचा मुलीकडे. जमलं तर फोटो जिथे गेले तिथेच राहतात. नाही जमलं तर दोन्हीकडचे परत येतात. नकार तोंडाने द्यावा लागत नाही. पाकीट परत आलं की समजायचं. आणि फोटो परत आला नाही, तर तो होकार. मुलीची आई माझ्या हातात फोटो देताना एवढंच म्हणायची, “परत आणाल ना?” मी म्हणायचे, “आणीन.” माझं सगळं दुकान ह्या एका शब्दावर चालायचं.

पुढे कागदाचे फोटो कमी झाले. खर्ड्याची उर्मिला अंधारे एका स्टुडिओत कामाला होती. आमच्याच समाजातली, बी.ए. झालेली, चोवीस-पंचवीसची. तिने पगारातून स्वतःचा डिजिटल कॅमेरा घेतला होता. सुट्टीच्या दिवशी ती माझ्याबरोबर गावोगाव यायची. मी बांगड्या भरायचे, ती मुलींचे फोटो काढायची. आई जवळ नसली की मुली तिच्यासमोर बऱ्या हसायच्या. डब्यातले जुने फोटोही तिने कॅमेऱ्यात उतरवून घेतले होते. पण कॅमेऱ्यातलं कार्ड दोन-तीन गावांतच भरायचं. कॉम्प्युटर काही एस.टी.त घेऊन फिरता येत नाही. म्हणून फोटो साठवायला प्रवासात नेता येईल असं काहीतरी घ्यायचं ठरलं आणि आम्ही नगरला आलो.

नगरला यायला दुसरंही एक कारण होतं. ते उर्मिलाला ठाऊक नव्हतं.

“हा बघा,” गुगळेशेठने पहिला डबा पुढे सरकवला. काळा, साबणाच्या वडीएवढा. “कॅमेऱ्याचं कार्ड इथे घाला, बटण दाबा, सगळे फोटो आत. तुमच्या तालुक्यातल्या सगळ्या मुली मावतील.”

“तालुक्यातल्या मुली तालुक्यात मावल्यात. ह्याला काच कुठाय?”

“ह्याला काच नाही. आतलं बघायला कॉम्प्युटरला लावायचा.”

“म्हणजे आत कोण आहे ते कळणार नाही.”

“कळायचंय कशाला? आत आहे म्हणजे आहे.”

दुसऱ्या डब्याला तळहाताएवढी काच होती आणि वजन पाट्याएवढं. त्यात तालुकाच काय, जिल्हा मावेल, असं शेठ म्हणाला. तिसरा अगदी लहान, खोबऱ्याच्या वाटीएवढा, त्याला काडेपेटीपेक्षा जराशी मोठी काच. त्याच्याबद्दल शेठ काहीच बोलला नाही. तो त्याने नुसता तिसरा दिसावा म्हणून मांडला होता.

“दाखवतो कसं चालतं ते,” असं म्हणून शेठने दुकानातला एक कॅमेरा उचलला आणि काही कळायच्या आत उर्मिलाचा फोटो काढला.

उर्मिलाचा चेहरा उतरला. मी स्टुलावरून उठले.

“तो काढा.”

“काढला की.”

“बाहेर काढा. तुमचा नाही तो.”

“अहो मावशी, दाखवण्यापुरता...”

“शेठ, मुलीचा फोटो आहे. तुम्ही भवानीला आमचं तोंड पाहिलंत, तेवढं पुरे.”

त्याने एक बटण दाबलं. कचऱ्याच्या टोपलीचं चित्र आलं. मला ते आवडलं नाही. “गेला,” शेठ म्हणाला. मग माझा चेहरा पाहून त्याला वाटलं की मी फोटो वाया गेला म्हणून हळहळते आहे. म्हणाला, “आणि चुकून गेला असं झालं तरी काळजी करू नका. आपल्याकडे सोय आहे.” त्याने ते कार्ड कॉम्प्युटरमध्ये घातलं, थोडा वेळ काहीतरी केलं आणि पडदा आमच्याकडे फिरवला.

पडद्यावर उर्मिला होती. कॅमेऱ्यात होती त्यापेक्षा मोठी.

“बघा!” तो म्हणाला. “पुसलेलासुद्धा परत येतो.”

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहायला लागलो. शेठला वाटलं आम्ही खूश झालो.

“म्हणजे एकदा आत गेला की कधीच जात नाही?” मी विचारलं.

“जातो की. त्याच्या जागेवर दुसरा फोटो येऊन बसला की मग ब्रह्मदेव आला तरी निघत नाही. म्हणून तर मोठा डबा घ्यायचा! भरतच नाही, तर वर येऊन बसणार कोण?”

“आणि लहान असला तर?”

“लहान असला की लगेच भरतो, मग जुने काढा, त्यावर नवे टाका. फार कटकट.”

“हा लहान द्या.”

शेठने उर्मिलाकडे पाहिलं. ती शिकलेली दिसत होती, म्हणून.

“मावशी, एका हंगामात भरेल तो,” उर्मिला म्हणाली.

“हंगाम संपला की फोटो परतच करायचे असतात. ह्याला काच आहे. परत करताना आईबापाला दाखवून काढता येईल. आणि वर दुसरं काही भरून टाकू.”

“काय भरणार?”

“ते बघू.”

“तीस वर्षं धंदा करतोय,” गुगळेशेठ म्हणाला. “जास्तीत जास्त कितीचा आहे विचारणारी गिऱ्हाइकं पाहिली. कमीत कमी कितीचा, असं विचारणारं आज पहिलं.”

“आता आधी तुमचं कार्ड भरा.”

“कशाने?”

“कशानेही.”

त्याने पंख्याचा फोटो काढला. छताचा काढला. भिंतीवरच्या हार घातलेल्या वडिलांचा काढला, रस्त्यावर उभ्या गाढवाचा काढला, आणि तरी कार्ड भरेना म्हणून माझे काढले. माझी हरकत नव्हती. माझं लग्न झालेलं आहे. शेवटी कार्ड भरलं, कॉम्प्युटरवरचा फोटोही गेला, आणि मग मी पिशवी उघडून पैसे दिले. उर्मिलाने दुकानातच आपल्या कॅमेऱ्यातले मुलामुलींचे फोटो त्या लहान डब्यात घालून घेतले.

बाहेर पडल्यावर मी डावीकडे वळले.

“मावशी, स्टँड उजवीकडे आहे.”

“माहिताय.”

ती दहा पावलं माझ्याबरोबर आली आणि थांबली. “डाळमंडईकडे चाललोय आपण?”

“हो.”

“वेळापुऱ्यांकडे?”

“हो.”

“मी नाही येत.”

“मग इथे उभी राहा. गाढव आहेच सोबतीला.”

वेळापुऱ्यांचं डाळमंडईत स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं आणि वर घर. आमच्यातलेच, पण दोन पिढ्या बांगड्या सोडून भांड्यांत गेलेले. आदल्या वर्षी मी त्यांच्या शिरीषसाठी उर्मिलाचा फोटो नेला होता. पाहणं झालं, चहापोहे झाले, आणि पंधरवड्यात पाकीट परत आलं. मुलगी फोटो काढत गावोगाव फिरते, असं शिरीषच्या आईचं म्हणणं होतं. ठीक आहे. फोटो परत आला, विषय संपला. माझ्या हिशेबाने सगळं रीतीप्रमाणे झालं होतं.

मग परांड्याचा मुलगा सांगून आला. दिगंबर नाव, वीज कंपनीत वायरमन. पहिल्याच भेटीत त्याने उर्मिलाला विचारलं की कॅमेरा कोणता वापरतेस. त्याने विचारल्यापासून ती मला तो प्रश्न वेगवेगळ्या निमित्ताने सांगत होती. बोलणी ठरायच्या बेताला आली आणि परांड्यात एका लग्नाच्या पंगतीत दिगंबरच्या काकांनी उर्मिलाचा फोटो पाहिला. एका पाहुण्याच्या मोबाईलमध्ये. त्या पाहुण्याला तो शिरीषच्या मोबाईलमधून आला होता. पाहुण्याकडचा काकांनी तिथेच पुसायला लावला, पण मूळ नगरलाच होता. पाकीट परत करायच्या आधी शिरीषने मोबाईलने त्या फोटोचा फोटो काढून ठेवला होता.

दिगंबरचे काका सभ्य माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच कळवलं, “मुलीचा फोटो अजून नगरला आहे. म्हणजे तिकडचं बोलणं मोडलेलं नाही असं दिसतं. आधी तो परत येऊ द्या, मग आम्ही येतो.” आणि उर्मिलाच्या वडिलांनी कळवलं की गुरुवारपर्यंत परांड्याचं नक्की झालं नाही, तर आष्टीच्या बिजवराला होकार देणार. आष्टीच्या माणसाला दोन मुलं होती आणि मिशा रंगवलेल्या होत्या. आम्ही नगरला आलो ती बुधवारची सकाळ होती.

“तिथे जाऊन काय सांगणार तुम्ही?” उर्मिला मागून येत म्हणाली. ती थांबली नव्हती.

“परत द्या म्हणणार.”

“मोबाईलमधला फोटो परत कसा देणार? दिला तरी आपल्याला कसं कळणार?”

“म्हणून तर आधी शेठकडे गेलो.”

वेळापुऱ्यांच्या दुकानात भांड्यांवर नावं घालायचं मशीन चाललं होतं. घर्रर्र आवाज येत होता. नाव घालायला शिरीषच बसला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि हातातल्या तांब्यावर काहीतरी जास्तीचं अक्षर पडलं असावं, कारण समोरची बाई ओरडली.

आम्ही वर गेलो. शिरीषच्या आईने, प्रभाबाईंनी, दार उघडलं. उर्मिलाला पाहून त्यांचा हात पदराकडे गेला. पण माझ्या हातात पेटी होती. दारात आलेल्या कासारणीला कुणी परत पाठवत नाही.

“या चंद्राबाई. बसा. वाट वाकडी करून आलात?”

“वाट सरळच होती वहिनी. तुमच्याकडे एक फोटो राहिलाय.”

“फोटो? तो आम्ही केव्हाच पाठवला. पाकिटावर हळदकुंकू लावून.”

“तो मिळाला. दुसरा राहिलाय. शिरीषच्या मोबाईलमधला.”

प्रभाबाई हसल्या. “अहो, मोबाईलमधलं काय घेऊन बसलात! तो काय फोटो आहे? हातात तरी धरता येतो का?”

“परांड्याच्या पंगतीत पानावरून उठून लोकांनी हातात धरला. जिलबी चालू होती.”

त्या हसायच्या थांबल्या. उर्मिला खिडकीबाहेर बघत होती. खिडकीबाहेर समोरची भिंत होती.

“पोरं आहेत. करतात काहीतरी,” प्रभाबाई म्हणाल्या.

“करू देत. आपण मोठ्यांनी निस्तरायचं. बोलवा त्याला.”

शिरीष आला. हातांना स्टीलची भुकटी लागलेली. आईने विचारलं, “आहे का रे तुझ्याकडे?” तो नाही म्हणाला. मग उर्मिलाने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा हो म्हणाला.

“इकडे द्या,” उर्मिला म्हणाली.

त्याने मोबाईल दिला. तिने फोटो शोधून काढला. तो तिनेच काढलेला होता. स्टुडिओत कॅमेरा समोर ठेवून, पळत जाऊन स्टुलावर बसून. थोडा वेळ तिने तो पाहिला. मग बटण दाबलं आणि मोबाईल टीपॉयवर ठेवला.

“झालं?” प्रभाबाईंनी विचारलं. “चहा ठेवते.”

“नाही झालं,” मी म्हणाले. “पुसलेला परत येतो. आम्ही आत्ताच गुगळेशेठकडे बघून आलो. त्याच्यावर दुसरं काही भरावं लागतं.”

“म्हणजे?”

मी पेटी उघडली. सतरंजीवर कापड पसरलं आणि बांगड्यांच्या माळा काढून ओळीने मांडल्या. हिरव्या, पिवळ्या, मोरपंखी, राजवर्खी, लाखेच्या. नंतर शिरीषला म्हणाले, “बस खाली. काढ ह्यांचे फोटो.”

“किती?”

“मोबाईल नको म्हणेपर्यंत.”

त्याने आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे. मी उर्मिलाला म्हणाले, “आपला डबा काढ. आपल्याकडे पण त्यांचा एक आहे.”

उर्मिलाने लहान डबा काढला आणि त्याच्या काचेवर शिरीषचा फोटो आणला. सूट घातलेला, मागे धबधब्याचा पडदा. मी डबा प्रभाबाईंसमोर धरला. “हा तुमचा मुलगा. नीट बघून घ्या. फोटो दोन्हीकडून परत जातात.” आणि बटण दाबलं.

“अहो!” प्रभाबाई अर्ध्या उठल्या. “त्याचं अजून जमायचंय! तुम्ही नाही फिरवलात तर कोण फिरवणार?”

“सगळं रीतीने झालं की पुन्हा घेऊन जाईन. आधी हा हिशेब मिटू दे. उर्मिला, तू पण काढ गं बांगड्यांचे. त्याच्यावर चढव.”

मग दोघं सतरंजीच्या दोन टोकांना बसून बांगड्यांचे फोटो काढू लागले. एक मोबाईलने, एक कॅमेऱ्याने. मी एका माळेनंतर दुसरी माळ पुढे सरकवत होते. प्रभाबाईंनी चहा आणला, तो निवला. खालून शिरीषच्या वडिलांनी दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला प्रभाबाई जिन्याच्या तोंडाशी जाऊन म्हणाल्या, “तो बांगड्यांचे फोटो काढतोय.” त्यानंतर खालून हाक आली नाही.

“हिरव्या झाल्या,” शिरीष म्हणाला.

“चार बाजूंनी काढल्यास?” मी विचारलं.

“काढल्या.”

“मग पिवळ्या घे.”

 मग मान वर न करता शिरीष हळूच उर्मिलाला म्हणाला, “मी ‘नाही’ म्हटलं नव्हतं.”

प्रभाबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनाही ते ऐकू गेलं.

उर्मिलाने कॅमेरा खाली घेतला. “‘हो’सुद्धा म्हटलं नव्हतं,” ती म्हणाली. “वर्षभर वेळ होता. पिवळ्या झाल्या असतील तर लाखेच्या घ्या.”

शिरीषने लाखेच्या घेतल्या.

मला त्याची दया आली नाही असं नाही. मुलगा वाईट नव्हता. त्याने फोटो ठेवून घेतला, म्हणजे आमच्या रीतीने होकारच दिला होता. फक्त तो होकार त्याने सगळ्यांना दाखवला. जिला द्यायचा होता, तिला सोडून.

मोरपंखी माळ अर्ध्यात असताना मोबाईलने शेवटी नको म्हटलं. शिरीषने तो माझ्यापुढे धरला. इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. मी उर्मिलाला वाचायला लावलं. “जागा नाही,” ती म्हणाली.

“आता परांड्याला फोन लावा वहिनी,” मी प्रभाबाईंना म्हणाले. “तुमच्या तोंडून गेलं पाहिजे.”

“मी काय सांगू?”

“झालं ते.”

त्यांनी बराच वेळ पदराशी चाळा केला. मग कोपऱ्यातल्या फोनपाशी जाऊन बसल्या. मी नंबर सांगितला. पलीकडून दिगंबरच्या काकांनीच उचलला असावा.

“नमस्कार पाहुणे. नगरहून वेळापुरे बोलतेय... हो. अंधाऱ्यांच्या मुलीचा फोटो आमच्याकडून परत गेला... नाही, पाकिटातला नाही. दुसरा... हो, माझ्या डोळ्यांदेखत... त्याच्यावर बांगड्या.” त्या जराशा थांबल्या. “बांगड्या हो. कासाराच्या. सगळ्या रंगांच्या.” मग बराच वेळ नुसतं ऐकलं आणि शेवटी म्हणाल्या, “मुलगी चांगली आहे. आमच्याच नशिबात नव्हती.”

हे शेवटचं वाक्य मी सांगितलेलं नव्हतं. त्या फोन ठेवून तिथेच बसून राहिल्या.

मी त्यांना जवळ बोलावलं. “हात द्या.”

“राहू द्या चंद्राबाई. परवाच भरल्यात.”

“एवढ्या बाहेर काढल्या आणि तशाच आत घालू? द्या हात.”

त्यांच्या हातात सोन्याच्या पाटल्या आणि काचेची एकेकच बांगडी होती. मी राजवर्खी घेतल्या. हात ताठ होता. पहिलीच बांगडी तडकली. भरताना बांगडी वाढली तर ते कासाराचं नुकसान, गिऱ्हाइकाचं नाही. मी काच बाजूला ठेवली आणि त्यांची बोटं चोळत बसले. हळूहळू हात सैल पडला. मग बांगड्या एकामागून एक आत गेल्या.

बांगड्या भरून झाल्या की कासाराला वाकून नमस्कार करायचा असतो. प्रभाबाई वाकल्या. उर्मिलासमोर वाकायला लागलं म्हणून नव्हे, रीतच आहे. मी म्हणाले, “सून चांगली मिळेल.” आणि शिरीषचा एक नवा फोटो मागून घेतला. कागदाचा.

स्टँडवर खर्ड्याची गाडी लागलेली होती. उर्मिला खिडकीपाशी बसली. लहान डबा मांडीवर घेऊन तिने सगळे फोटो पुढेमागे केले. “मावशी, शिरीषच्या जागेवर हिरव्या बांगड्या आल्यात.”

“चांगलं झालं. हिरव्या बांगड्यांना कुणी नाही म्हणत नाही.”

मग तिने तोंड फिरवून घेतलं. मी पेटीवर डोकं टेकून झोपले.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, परांड्याहून दिगंबरचे काका स्वतः आले. येताना उर्मिलाचा फोटो घेऊन आले होते, मी दिलेला, कागदाचा. त्यांनी तो तिच्या वडिलांना दाखवला आणि परत खिशात घातला. ते पाहून तिची आई आत गेली आणि शिऱ्यात साखर दुप्पट पडली. आष्टीच्या मिशीवाल्याला मी दुसरीकडे जमवून दिलं. त्या बाईलाही दोन मुलं होती. शिरीषचंही दोन वर्षांत जमलं, वैरागला. त्याची बायको पाटल्या घालते.

तो डबा मी पुढे बरीच वर्षं वापरला. नाही जमलं की त्या घरी जायचं, आईबापाला काचेवर त्यांचं लेकरू दाखवायचं, काढून टाकायचं, आणि तिथेच पेटी उघडून वर बांगड्या चढवायच्या. जमलं तरी तसंच करायचे, कारण लग्न झालेल्या मुलीचं माझ्याकडे काय काम? सुरुवातीला लोक हसायचे. नंतर पोरीच स्वतःहून विचारायला लागल्या, “मावशी, माझ्यावर कुठल्या घातल्यात?” आता सगळे आपापल्या मोबाईलवर एकमेकांना बघतात. मी घरीच असते.

मागच्या दिवाळीत उर्मिला परांड्याहून मुलीला घेऊन आली होती. तिचा स्वतःचा स्टुडिओ आहे, दिगंबरने सगळी वायरिंग केलेली. आम्ही करंज्या करत होतो, तेवढ्यात पोरीला फडताळात तो डबा सापडला. अजून चालतो. ती बराच वेळ बटण दाबत बसली.

“आजी, ह्यात नुसत्या बांगड्याच आहेत.”

“हो.”

“माणूस एक पण नाही.”

“नाही.”

“माझ्या आईचा पण नाही? एवढी वर्षं तुमच्याबरोबर फिरली ना ती?”

“तिचा एका ठिकाणी होता. त्याच्यावर पण बांगड्या आहेत. म्हणून तर तू आहेस.”

पोरीने आईकडे पाहिलं. उर्मिला करंजीची कड दाबत होती. तिने मान वर केली नाही, पण तिला हसू येत होतं.

पोरीला काही ते पटलं नाही. तिने आपला मोबाईल काढला आणि पीठ लागलेल्या हातांसकट माझा फोटो काढला.

माझी हरकत नव्हती.